धाकट्याची यादी

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. गुडघ्याएवढी उंच, काळी लोखंडी पेटी आणि टेबलावरचा पडदा, एवढा माझा संसार. आज तुम्हाला माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगणार आहे.

माझे सुटे भाग कारखान्यातले, पण मला जोडले ते जेवणाच्या टेबलावर. जोडणारे दोघे. बाबा घड्याळे दुरुस्त करायचे, आणि त्यांची लेक ठकू तेव्हा पाचवीत होती. बाबा स्क्रू पिळायचे, ठकू वायरी धरायची. बटण दाबल्यावर मी पहिला हुंकार दिला, तेव्हा ती घरभर नाचली होती.

पुढची तेरा वर्षे मी राबलो. ठकूचा अभ्यास माझ्यावर झाला, तिने इमारतींचे पहिले नकाशे माझ्यावर काढले. पाहुणे आले की बाबा माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, "घरी जोडलाय, बरं का!" मी फुगून जात असे.

मग ठकूला दूरच्या शहरात नकाशे काढण्याचे काम मिळाले. तिथली खोली लहान, टेबल त्याहून लहान.

"लॅपटॉप घे की," आई म्हणाली.

"त्यातलं काही बिघडलं तर मला उघडता येत नाही. मी छोटा कॉम्प्युटर जोडणार. बुटाच्या खोक्याएवढा! बाबा, बसता ना माझ्याबरोबर भाग निवडायला?"

बाबा बसले. आणि कुठे बसले? माझ्यासमोर! मित्रांनो, माझ्याच पडद्यावर त्या धाकट्याची यादी तयार होऊ लागली. छोटा मदरबोर्ड, छोटा पॉवर सप्लाय, आकड्यांचा भाग नसलेला आखूड कीबोर्ड. ठकू म्हणे, "कित्ती गोड आहे!" मला कधी कुणी गोड म्हटले नव्हते. माझ्या लोखंडी पोटात दुखू लागले.

चौथ्या दिवशी यादी पुरी होत आली आणि मी अडकलो. इतकी चित्रे उघडून मला धाप लागली होती, हे खरे. पण अडकल्यावर मला वाईट वाटले नाही, उलट आनंदाच्या उकळ्या फुटल्या. यादी जपून ठेवलेली नव्हती. ती गेली.

"असू दे," बाबा म्हणाले, "माझ्या लक्षात आहे सगळं." आणि आठवेल तसे ते दुकानातून सामान घेऊन आले.

दोघांनी धाकट्याला जोडले. सगळे बसले, फक्त झाकण बसेना. आतला पंख्याचा कूलर बोटभर वर राहत होता.

"बाबा, मी बुटका कूलर लिहिला होता!"

"मोठा चांगला असतो. यंत्र गार राहतं."

"पण झाकण नको का लागायला?"

"मग हा जुनाच घेऊन जा! तेरा वर्षं चाललाच ना?"

"याला बसमध्ये मांडीवर घेऊन बसू?"

"मग जाऊच नकोस!" बाबांच्या तोंडून निघून गेले.

ठकू उठून आत गेली. तिला निघायला चारच दिवस होते. मी जिंकलो होतो. पण बाबा हातात ते झाकण धरून कितीतरी वेळ तसेच बसले होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

सकाळी बाबा एकटेच माझ्यासमोर येऊन बसले. घड्याळाच्या कामाची पट्टी घेऊन त्यांनी धाकट्याची आतली उंची मोजली, कागदावर लिहिली आणि तेवढ्या उंचीचा कूलर शोधू लागले. तीच भरगच्च चित्रे, तीच धाप. पुन्हा अडकणे मला सहज जमले असते. पण या वेळी मी जीव खाऊन चाललो. बुटका कूलर सापडेपर्यंत एकदाही थांबलो नाही.

बाबांनी ठकूला हाक मारली. "चल, कूलर बदलून आणू. माझं चुकलं."

संध्याकाळी झाकण बसले. धाकटा पहिल्याच फटक्यात सुरू झाला. दोघे त्याच्याकडेच बघत होते, माझ्याकडे कुणीही नाही. मी आतल्या आत जळफळलो.

ठकू गेली. मला फडक्याने झाकून टाकले. तीन आठवडे कुणी बटणाला बोट लावले नाही. आतल्या पंख्यावर धुळीचा थर चढला होता, त्यात श्वास कोंडायचा.

मग एका रविवारी बाबांनी फडके काढले, माझी बाजू उघडली आणि घड्याळाच्या मऊ ब्रशने माझ्या पंख्याचे पाते न् पाते पुसून काढले. वर एक कॅमेरा लावला. पडदा उजळला आणि त्यात ठकू!

"बाबा, दिसतेय का मी?"

"दिसतेस. बारीक झालीस."

तिकडून तिला पाठवत होता तो धाकटा, आणि इकडे दाखवत होतो मी. त्याने हात आखडता घेतला असता, तर माझा पडदा काळाच राहिला असता.

मित्रांनो, घरात नवे यंत्र जरूर आणा, पण जुन्याला कोपऱ्यात कोंडू नका. त्याची धूळ काढा, अधूनमधून त्याला सुरू करा. ते हळू चालले, तर ओरडण्याआधी एकदा उघडून बघा. माझा मत्सर गेला, असे मी म्हणणार नाही. पण दर रविवारी बाबा खुर्ची ओढून बसले, की त्या धाकट्याने वेळेवर जागे व्हावे म्हणून सगळ्यात जास्त धडपड माझीच असते.