पांढऱ्या चपलांचा धाक

तलासरीच्या त्या छोट्या दवाखान्यात डॉक्टरांपेक्षा आयाचं काम करणाऱ्या संगिताचा धाक जास्त होता, आणि तो सगळा चपलांवरून. ऑपरेशन थिएटरच्या दारात जमिनीवर लाल पट्टा होता. पट्ट्याच्या बाहेर घरच्या चपला, आत थिएटरच्या पांढऱ्या रबरी. त्या रोज ब्लीचच्या पाण्यात बुडवून, घासून, वाळवून ठेवायचं काम तिचं. कोणी त्या घालून चहाला गेलं किंवा डाग पाडला, की ती भर व्हरांड्यात त्याची खरडपट्टी काढायची.

तरीही महिन्याभरात सिझेरियन झालेल्या तीन बायांचे टाके पिकले. डॉक्टर दक्षा मॅडमनी बोलावून एवढंच विचारलं, चपला नीट धुतल्या जातात ना. संगिताला ते फार लागलं. आणि आज दहा वाजता तिचीच सून, योगिता, त्याच ऑपरेशनच्या टेबलावर जाणार होती. मूल पायाळू होतं, दुसरा इलाज नव्हता.

सकाळपासून संगिताचा पाय एका जागी ठरेना. चपला दोनदा धुऊन झाल्या, तरी एकेक उलटून पाहिली. योगिताच्या उशाशी बसली, उठली, थिएटरच्या दारापर्यंत जाऊन परत आली. घाबरायचं कोणी, मी की तुम्ही, असं शेवटी सुनेनेच हसत विचारलं. संगिताला हसू येईना. डोळ्यांपुढून ते पिकलेले टाके हलत नव्हते.

साडेआठला सफाई कामगार लहान्या फरशी पुसायला थिएटरात गेला. हा उधवा गावचा, पन्नाशीचा, कामाला चोख आणि बोलायला कंजूष. तो आत गेला तरी चपलांच्या रॅकमधला एकही जोड कमी झाला नव्हता. संगिताने दाराच्या काचेला डोळा लावला. लहान्या अनवाणी पुसत होता. डाव्या टाचेला बांधलेली चिंधी भिजून सुटली होती, आणि पाऊल टेकेल तिथे पिवळसर ओल उमटत होती.

तिने त्याला पट्ट्यापाशी बोलावलं आणि चपला का घातल्या नाहीत ते विचारलं.

"टाच पिकलीय, बाय. तुझ्या चपलांना डाग लागला असता," तो खाली बघत म्हणाला. "मागं लागला तवा तू सगल्यांसमोर बोललीस."

हे कधीपासून चाललंय, तिने विचारलं. महिना होत आला, तो म्हणाला.

फरशी पुन्हा ब्लीचने धुऊन गप्प बसता आलं असतं. तो विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. मग त्या फरशीवरून योगिताला आत नेतानाचं चित्र डोळ्यांपुढे आलं, आणि ती धावतच मॅडमना घेऊन आली.

मॅडमनी टाच पाहिली आणि थिएटर बंद केलं. योगिताला डहाणूच्या दवाखान्यात न्यायला गाडी सांगितली. मग चपला का घातल्या नव्हत्या, असं त्यांनी लहान्याला विचारलं. त्याने एकदा संगिताकडे पाहिलं.

"इसरलो, मॅडम."

"तो विसरला नाही," संगिता म्हणाली. "माझ्या भीतीनं घातल्या नाहीत. त्या तीन बायांचं जे झालं, ते माझ्या नावावर लिहा."

ड्रेसिंग करायला मॅडमनी लहान्याला बाकावर बसायला सांगितलं. तो बसला नाही. जखमी टाच उचलून धरून, संगिता हो म्हणायची वाट बघत तसाच उभा राहिला.