बाळंतिणीच्या खोलीतली तपासणी

छातीच्या तपासणीचं शिबिर देवळात ठेवायचं, ही अक्कल आमच्या कासू गावच्या पुरुषांची. सभामंडपात पडदा लावला आणि बाहेर पारावर स्वतःच पत्ते कुटत बसले. देवीसमोर, दीर-सासऱ्यांपासून चार हातांवर चोळी कोण सोडणार? दुपारपर्यंत एक बाई फिरकली नाही. डॉक्टरीणबाई चहा पिऊन पिऊन कंटाळल्या.

माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. धाकटी जाऊ हौसा हिच्या छातीत गाठ होती. आंघोळ करताना हाताला लागली आणि तिनं मला पोराची शपथ घातली, "शकूबाय, कुनाला सांगू नको गो. म्हायेरी धाडतील मला." एकटी तपासून घ्यायला गेली असती तर गावाला संशय आला असता. सगळ्या गेल्या तरच ती जाणार होती.

मी तडक सासूबाईंकडे गेले. गिरजाबाई म्हणजे जमदग्नीचा अवतार, पण आता मीही तापले होते.

"आई, मागली खोली द्या. बाळंतिणीची."

"कशाला? कोन बाळंत झालीय?"

"तिथं बाप्या मानूस पाय ठेवत नाय. डाक्टरीणबाईंना तिथं बसवू. गावात एकीला गाठ हाय, आई. नाव इचारू नका."

त्यांनी नाव विचारलं नाही. उठून दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, उंबऱ्याशी निखाऱ्यांची शेगडी ठेवली. घरात बाळंतीण असली की आमच्याकडे हेच करतात, आणि ते दिसलं की पुरुष लांबूनच वळतात. सासरे हैबतराव तर अंगणातच थबकले.

"कोन बाळंत झालं गो?"

"समद्या," सासूबाई म्हणाल्या. "तुमी पारावर जा."

मी डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. बायका ओटीवर जमल्या, पण एकमेकींना पुढे ढकलत राहिल्या. शेजारची ठमाकाकी तर कोपऱ्यात बसून सगळ्यांना ऐकवत होती, "आपल्यात असलं दावत नाय."

शेवटी सासूबाईच आत गेल्या आणि पदर सावरत बाहेर आल्या. "हात थंड हायत बाईचे, बाकी काय नाय." सगळ्या हसल्या. मग एकेक जात गेली. हौसाही गेली.

ती लवकर बाहेर येईना. मला बसवेना. आली तेव्हा डोळे भरलेले होते. मला वाटलं, आता ही तोंड लपवून चुलीपाशी पळेल. ती ओटीवरच उभी राहिली.

"माझे छातीत गाठ हाय. बारकी हाय. बाई बोलली, काय आसंल ते येळेवर गावलं. उद्या पेणला मोठी तपासणी हाय. कोन येतंय माझ्यासंगं?"

"मी," सासूबाई लगेच म्हणाल्या. माझ्या डोळ्यांना धार लागली.

तेवढ्यात ठमाकाकी भिंतीला धरून उठली.

"मी पन येते," ती हळूच म्हणाली. "मलापन हाय."

हौसानं डोळे पुसले, काकीचा हात धरला आणि ती तिला आत घेऊन गेली.