रिकाम्या बॅगेचं वजन

आमच्या ह्यांना बोलायला लावण्यापेक्षा दुकानाचं गंजलेलं शटर एका हाताने उचलणं सोपं. मुलगी शाळेतर्फे वर्षभरासाठी परदेशी चाललेली, अनोळखी कुटुंबात राहणार, तिकडच्याच शाळेत शिकणार, आणि बाप मिठाची गुळणी धरून बसलेला! जा म्हणेनात, नको म्हणेनात. कागदांवर सह्या केल्या, त्याही कुणाचं तरी पार्सल उतरवून घेतल्यासारख्या.

शेवटी एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता ठकी मला म्हणाली, "आई, बाबांना मी जायला नकोय बहुतेक. तसं असेल तर राहू दे. मी शाळेतल्या मॅडमना नाही म्हणून सांगते."

मी हातातली ताटली आपटली. रात्रंदिवस अभ्यास करून, मुलाखतीत घाम गाळून पोरीने मिळवलेली जागा ही! "खबरदार!" मी म्हटलं. "तुझ्या बापाच्या तोंडून 'जा' काढते की नाही बघ. तोवर मॅडमना फोन केलास तर तंगडी मोडून ठेवीन."

आमचं बॅगा शिवायचं आणि दुरुस्त करायचं दुकान आहे. मी मशीनवर बसते, हे हातकाम करतात. दुसऱ्या दिवशी मी तावातावाने दुकानात गेले, तर हे जमिनीवर फतकल मारून ठकीची बॅग बनवायला बसलेले. जाड कॅनव्हास, तोही दुहेरी. म्हटलं, चला, तोंडाने नाही तर हाताने बोलतोय माणूस, बोलू दे.

कसलं काय! चार दिवस ते एकेका टाक्याला मेण लावत बसले. गिऱ्हाइकं ताटकळली, मला नाही नाही ते बोलून गेली. बॅग तयार झाली तेव्हा मात्र मीही बघत राहिले. काय देखणी बॅग, काय शिवण! ठकी आनंदाने उचलायला गेली आणि आहे तिथेच वाकून राहिली.

"बाबा, आत काही ठेवलंय का?"

हे मानेनेच नाही म्हणाले.

विमानात तेवीस किलो चालतात. आम्ही घरातला वजनकाटा आणला. हे बॅग घेऊन काट्यावर चढले, मग बॅग ठेवून चढले. वजाबाकी ठकीने केली आणि पुन्हा केली. रिकामी बॅग तेरा किलो.

"काटा बिघडलाय," हे म्हणाले. चार दिवसांतलं पहिलं वाक्य, आणि तेही खोटं.

मी कपाळावर हात मारला. "अहो, तळाला ही फळी कशाला?"

"ओल्यात ठेवली तर."

"आणि कोपऱ्यांना पत्रा?"

"कुणी आपटली तर."

"आणि आत हे दुसरं कुलूप?"

"पहिलं कुणी उघडलं तर."

"अहो, पोरगी शाळेत चाललीय, लढाईवर नाही!"

ह्यांनी पक्कड घेतली. फळी काढली तर बॅगेने बसकण मारली. पत्रे काढले तर कोपरे लोंबायला लागले. एक टाका उसवला तर त्याच्याखाली दुसरा, कारण ह्यांना एकेरी शिवण ठाऊकच नाही. अख्ख्या जन्मात या माणसाने हलकी वस्तू बनवलेली नाही. अर्ध्या तासात बॅगेचं गाठोडं झालं, आणि हे त्याच्यासमोर असे बसले की माझा रागच पळाला. इतकं वाईट वाटलं मला.

"बाबा, मी हीच नेते. कपडे कमी घेते ना," ठकी म्हणाली.

हे उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. ठकीचा चेहरा पडला. "बघ, रागावले," म्हणाली आणि तिने मॅडमचा नंबर शोधायला फोन उचलला. मी तो हिसकावून घेतला, तेवढ्यात मला दारातून दिसलं की हे रस्ता ओलांडून समोरच्याच्या दुकानात शिरतायत!

हा समोरचा फायबरच्या बॅगा विकतो. त्याच्या मालाला हे 'चाकं लावलेली साबणदाणी' म्हणतात, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. आणि आता हे तिथून एक भडक पोपटी बॅग ओढत येत होते. समोरचा स्वतः दारापर्यंत पोचवायला आलेला, कानापर्यंत हसू. अख्खी गल्ली बघत होती. ह्यांनी मान वर केली नाही.

बॅग त्यांनी ठकीपुढे ठेवली. तिने एका बोटाने उचलली.

"पोपटी?" मी विचारलं.

"लांबून दिसते. चुकायची नाही."

ठकीला हसावं की रडावं कळेना. "पण बाबा, तिकडे ही तुटलीबिटली तर?"

ज्या माणसाने गिऱ्हाइकाला कधी फाटका पट्टासुद्धा टाकू दिला नाही, तो म्हणाला, "दे फेकून."

आम्ही दोघी बघतच राहिलो.

"फेक आणि दुसरी घे. ती काय, कुठेही मिळेल." ह्यांनी बॅगेचं हँडल उगाचच वर-खाली केलं. "तू जा. खुशाल जा, हवं तेवढं शिक, हिंड. बॅग परत नाही आली तरी चालेल मला. तू मात्र ये."

ठकी त्यांच्या गळ्यात पडून भोकाड पसरून रडायला लागली. पैज मी जिंकले होते, टोमणाही जिभेवर तयार होता. पण मी आत गेले, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं.