दर सोमवारी नवा पासवर्ड

घड्याळजींनी खुर्चीवरची रद्दी उचलून फौजदारांना बसायला जागा केली आणि न विचारताच चहाचं आधण ठेवलं.

"चहा राहू द्या, काका. एका शिक्षिकेला घाणेरड्या धमक्या गेल्यात. मंगळवारी दुपारी चारला, तुमच्या इंटरनेटवरून. घरात आणखी कोण असतं?"

"मी एकटाच."

"पासवर्ड?"

"दर सोमवारी बदलतो."

फौजदारांनी मान वर केली. एकटा माणूस आणि एवढी खबरदारी! घड्याळजींचे कान लाल झाले. खरं सांगायचीही चोरी.

बायको गेल्यापासून दारावरची बेल मुकीच झाली होती. इमारतीत मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून त्यांनी शेजाऱ्यांना आपलं इंटरनेट देऊ केलं. पण पासवर्ड सात दिवसांचाच. नवा हवा तर बेल वाजवायची, आत यायचं, कागदावर लिहून घ्यायचा. म्हातारा भारी संशयी, असं लोक म्हणत. म्हणोत बापडे, येत तर होते! कोण आलं, किती वेळ बसलं, हे सगळं ते वहीत टिपून ठेवत.

ती वही फौजदारांच्या कोपरापाशीच पडली होती. घड्याळजींनी तिच्यावर हात ठेवला. त्या आठवड्यात चौघं येऊन गेली होती. त्यांच्या दारात पोलीस गेले, तर आपल्या दाराशी पुन्हा कोण फिरकणार?

"नुसत्या कनेक्शनवरून मी तुम्हाला दोषी म्हणत नाही," फौजदार म्हणाले. "त्यावरून घर कळतं, माणूस नाही. पण तुम्ही गप्प बसलात तर संशय तुमच्यावरच राहील."

"राहू दे."

"त्या बाईही एकट्याच राहतात, काका. बेल वाजली की दचकतात. सख्ख्या बहिणीलाही दार उघडत नाहीत."

घड्याळजींनी गॅस बंद केला. मग वही फौजदारांच्या हातात दिली.

पुढच्या सोमवारी त्यांनी पासवर्ड बदलला, दोन कप धुऊन ठेवले. कोणी आलं नाही. दर सोमवारी पाऊण तास बसणारी वरच्या मजल्यावरची नर्स जिन्यात भेटली, ती भिंतीकडे बघत वर निघून गेली. ते त्यांच्या जिवाला फार लागलं. त्यापुढच्या सोमवारीही कप तसेच राहिले.

तिसऱ्या सोमवारी बेल वाजली. त्यांना वाटलं, भास झाला. पुन्हा वाजली.

दारात फौजदार उभे होते.

"वही द्यायला आलो. चौघांपैकीच एक निघाला. फोनमध्ये सगळं सापडलं, कबूलही झाला."

कोण, ते घड्याळजींनी विचारलं नाही.

"त्या बाई दार उघडतात का आता?"

"साखळी लावून. पण उघडतात."

"चहा टाकू?"

"ड्युटीवर आहे, काका."

पावलं जिना उतरून गेली. घड्याळजींनी चष्मा पुसला, वहीचं कोरं पान काढलं आणि सावकाश लिहिलं: 'सोमवार, सकाळी अकरा. फौजदार. बसले नाहीत. बेल दोनदा वाजवली.'