म्हैसमाळच्या घाटातलं तळं

रामकिसन बोर्डे यांनी पस्तीस वर्षं म्हैसमाळच्या घाटात एसटी चालवली. निवृत्तीनंतर हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. तेव्हा त्यांच्या पत्नी सारजाबाई अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या. एका रविवारी नवऱ्याला शेजारी बसवून त्या गारखेड्याहून म्हैसमाळच्या देवीच्या आरतीला निघाल्या.

खुलताबाद मागं पडून घाट लागला, तसे रामकिसन सांगू लागले, “दुसरा गिअर टाक. हॉर्न दे.”

दोन वळणं सारजाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मला जमतंय. तुमी बाहेर बघा की.”

ते खिडकीबाहेर पाहू लागले. खाली दरीत एक तळं पसरलं होतं आणि काठानं म्हशी चरत होत्या.

“हे तळं कधी झालं?”

“लई जुनं हाय. लग्न झाल्यावर तुमच्याच एसटीतून आले, तवा मी बघितलं व्हतं.”

रामकिसन यांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली. मग म्हणाले, “जरा कडंला घे.”

ते उतरून कठड्याशी उभे राहिले. सारजाबाईंनी घाई केली नाही. दोघं वर देवीच्या देवळात पोचले, तेव्हा आरती होऊन गेली होती.