दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात

आमच्या बेटाचा हा किनारा बघायला लोक दुरून येतात. पाणी काचेसारखं आहे म्हणतात. कितीही आत चालत जा, गुडघ्याच्या वर येत नाही, पोरं सोडून खुशाल झोपा म्हणतात. म्हणोत बापडे. मला मात्र त्या पाण्याचं कौतुक कुणी सांगू नये.

बाबांना तिथे न्यायचं मीच ठरवलं. आई गेल्यावर मी त्यांना बेटावरून समुद्रापलीकडे स्फाक्स शहरात, माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आणलं होतं. तिथे त्यांचं डोकं हळूहळू मागे मागे जाऊ लागलं. आधी रस्ते विसरले, मग नातवंडांची नावं, मग आई गेली हेही. विसरले नाहीत ते एकच, समुद्रातला त्यांचा पिंजरा. रोज पहाटे उठून कोपऱ्यातली टोपली खांद्याला लावायचे आणि दाराशी जाऊन उभे राहायचे. पिंजरा रिकामा करायचा राहिलाय, मासळी आत सडतेय, पाप माझ्या माथी येतंय, असं चालायचं. मग मी कडीवर हात ठेवून सांगायचे, "खमैसने केला रिकामा, बाबा. सकाळीच गेला होता." खमैस म्हणजे बेटावरचा आमचा शेजारी. एवढं ऐकलं की टोपली खाली यायची.

उन्हाळा लागला तशी ही मात्राही चालेनाशी झाली. खमैसला माझ्यासमोर उभा कर, त्याच्या तोंडून ऐकू दे, असा त्यांनी धोशा लावला आणि जेवण टाकलं. घास तोंडाशी नेला की सडक्या मासळीचा वास येतो म्हणायचे. माझ्या डोळ्यांदेखत माझा बाप वाळत चालला होता. मी म्हटलं, एक दिवस बेटावर जाऊ, समुद्र दिसला तर जीव थाऱ्यावर येईल. माझा नवरा रिधा म्हणाला, आगीत तेल ओतायला निघालीस. रिधाचं मी लग्नापासून कधी ऐकलेलं नाही, तेव्हाच काय ऐकणार होते?

पिंजऱ्याचं सांगायला हवं. आमच्याकडे समुद्र शेतासारखा वाटून घेतलेला असतो. ज्याच्या त्याच्या वाट्यात जो तो खजुरीच्या झावळ्या तळात रोवून कुंपण घालतो, पार खोल पाण्यापर्यंत. मासे कुंपणाच्या कडेकडेने जातात आणि टोकाच्या पिंजऱ्यात शिरतात. ओहोटी लागली की मालक पाण्यातून चालत जातो आणि टोपली भरून आणतो. उन्हाळ्यात कुंपणं उपटून ठेवायची, थंडीच्या तोंडावर पुन्हा रोवायची. पिंजऱ्याला ना कुलूप, ना राखण. पण दुसऱ्याच्या पिंजऱ्याला ज्याने हात लावला तो बेटावर मेल्यातच जमा. त्याच्या पोरीला स्थळ येत नाही, मशिदीत त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. बाबांचं कुंपण आम्ही गेल्यापासून कुणी रोवलंच नव्हतं. तळाशी झावळ्यांचे खुंट तेवढे उरले होते.

ऑगस्टमधला रविवार होता. बोटीतून उतरून किनाऱ्यावर छत्री रोवेपर्यंत अर्धं स्फाक्स आमच्या आधी तिथे लोळत होतं. रिधाने कलिंगड गार करायला ओल्या वाळूत पुरलं आणि स्वतः सावलीत आडवा झाला. बाबा खुर्चीत बसून पाण्याकडे बघत होते. टोपली मांडीवर होती, ती घेतल्याशिवाय घरातून निघालेच नव्हते. चेहरा इतका निवला होता की मी रिधाला कोपराने ढोसून दाखवला. म्हटलं बघ, तुझं आगीत तेल.

तेवढ्यात खमैस आला. आम्ही आल्याचं त्याला कळलं असणारच. आमच्या बेटावर एका गावात शिंकलं तर दुसऱ्या गावात कळतं. त्याने वाकून बाबांच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि बाबांनी त्याला ओळखलं. मला ओळखत नव्हते, त्याला ओळखलं. त्याचं मनगट धरून त्यांनी विचारलं, "खमैस, माझा पिंजरा तू रिकामा केलास?"

मी डोळ्यांनी खुणावलं. पण त्या प्रश्नाला बेटावरच्या माणसाकडे एकच उत्तर असतं आणि ते विचार करण्याआधीच तोंडातून निघतं. खमैसचा चेहरा उतरला.

"अल्लाची शपथ, काका. तुमच्या पिंजऱ्याला मी हात लावीन? झडतील माझे हात."

बाबांनी त्याचं मनगट थोपटलं आणि सोडून दिलं. खमैसला बाजूला नेऊन मी सगळा प्रकार सांगितला. बिचारा ओशाळला. परत जाऊन हो म्हणून सांगू का, असं विचारायला लागला. मी म्हटलं, आता विषयच काढू नकोस. वळून बघितलं तर बाबा रिधाने कापून दिलेली कलिंगडाची फोड खात होते, रस हनुवटीवरून गळत होता. किती दिवसांनी त्यांच्या पोटात काही जात होतं. मला वाटलं, विसरले.

खमैस त्याच्या होडीकडे गेला. मी भांडी विसळायला नळावर गेले, तर तिथे बेया भेटली. शाळेत माझ्या बाकावर बसायची. तिने सुनेच्या कागाळ्या सुरू केल्या आणि मीही माझ्या चार घातल्या. परत आले तर खुर्ची रिकामी होती आणि रिधा घोरत होता.

मी त्याला लाथ घालून उठवलं. आधी चहाच्या टपरीवर बघितलं, मग मशिदीत. मग ढासळलेल्या किल्ल्याकडे पळाले. तिथे भिंत समुद्राने खाल्लीय आणि खाली दगडांत खोल पाणी आहे. प्रत्येक दगडामागे वाकून बघितलं. किल्ल्यापलीकडची मिठाची पठारं पांढरीफेक पडली होती, तिथे चिटपाखरू नव्हतं. चपला कुठे सुटल्या कळलंच नाही. बाबा म्हणून हाक मारावी तर निम्मा किनारा वळून बघायचा, सगळे कुणाचे ना कुणाचे बाबाच. हाक मारतेय की रडतेय हे माझं मलाच समजत नव्हतं.

किल्ल्याखाली एक म्हातारा जाळं सांधत बसला होता. त्याला विचारलं, आमचे बाबा, तिजानी, दिसले का?

"तिजानी ना? गेला की मघाशी," तो सुईवरची नजर न काढता म्हणाला. "पिंजऱ्याकडे."

पाव आणायला गेला, असं सांगावं तसं सांगितलं त्याने. पुढे दोघी बायका बसल्या होत्या, त्यांनीही हेच सांगितलं. आम्ही सलाम केला, त्यांनी पण केला म्हणाल्या. ऐंशी उलटलेला माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी, टोपली खांद्याला लावून, सगळ्यांच्या देखत समुद्रात चालत गेला आणि एकही जण उठला नाही. कशाला उठतील? जन्मभर त्यांनी त्याला असंच जाताना बघितलं होतं. ऑगस्टमध्ये कसला आलाय पिंजरा, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्यावर कुणीतरी हात धरून मागे ओढला असता. आमच्या बेटावर सलाम केला.

मी पाण्याकडे बघितलं. ऊन असं चमकत होतं की माणूस सोडा, गलबत दिसलं नसतं. काचेसारखं पाणी म्हणे. आणि भरती लागली होती. आमची भरती लाटा आणत नाही, आवाज करत नाही. नुसती चढत जाते.

मी धावत जाऊन खमैसला गाठलं. त्याने होडी ढकलली, मी आणि रिधा चढलो. रिधा स्वतःच्या झोपेला शिव्या देत होता. इंजिन चालू करून खमैसने मला विचारलं, "कुठे नेऊ?" त्याला खरंच ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या वाट्याकडे आम्ही नजरही टाकत नाही. मला ठाऊक होतं. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी तिथे जायचे. वळून बघ, ते म्हणायचे, किल्ल्याचा तुटका कोपरा पीराच्या पांढऱ्या घुमटाला झाकतो ना, तिथे आपला पिंजरा. मी वळून बघितलं. कोपरा होता. घुमटाच्या पुढे हॉटेलची भिंत उभी राहिली होती, घुमट दिसतच नव्हता.

त्या हॉटेलला माझ्या तोंडून काय काय गेलं ते लिहिण्यासारखं नाही. मग अंदाजाने म्हटलं, थोडं डावीकडे घे. आणखी थोडं. न दिसणाऱ्या त्या पीराला मी बोकड बोलले, मेणबत्त्या बोलले, जन्मात पुन्हा रिधाशी भांडणार नाही असंही बोलले. एवढा शेवटचा नवस ऐकून तरी पीराने डोळे उघडायला हवे होते.

आधी दिसली ती टोपली. पाण्यावर आडवी तरंगत होती. रिधाने ती काठीने ओढून होडीत घेतली. मी ती पोटाशी धरली. मनात एकच येत होतं की माझ्या बापाला मीच आणून बुडवलं.

मग खमैसने बोट दाखवलं. पांढरी टोपी दिसली, टोपीखाली चेहरा. बाबा छातीइतक्या पाण्यात उभे होते, दोन्ही हातांनी पाण्याखाली चाचपत होते. खमैसने इंजिन बंद केलं, खुंटांत पंखा अडकला असता. वल्ह्याने होडी जवळ नेली. ओठ निळे पडले होते त्यांचे.

"बाबा, होडीत या," मी म्हटलं.

"कोण तू?"

"शादलिया."

"शादलिया लहान आहे. एवढ्या आत मी तिला येऊ देत नाही."

मासे आत आहेत, ते सांगू लागले. हाताला लागतायत, धरता येत नाहीत. असे टाकून गेलो तर सडतील. रिधाने त्यांच्या काखेत हात घातला, तर त्यांनी असा हिसका दिला की स्वतःच पाण्याखाली गेले. खोकत वर आले आणि आणखी मागे सरकले. आता पाणी गळ्याशी होतं. ओढाताण केली असती तर हातातून गेले असते. विनवण्या करून झाल्या. खमैस शपथा घालून थकला. पाणी तर चढतच होतं.

मी टोपली घेऊन खाली उतरले. मला पोहता येत नाही. आमच्या वेळी बेटावरच्या मुलींना कुणी शिकवायचं नाही. पाय एका खुंटावर टेकले आणि पाणी हनुवटीला लागलं.

"काका," मी म्हटलं. बाबा म्हटलेलं त्यांना चालत नव्हतं. "तुमचे हात गारठलेत. तुम्ही टोपली धरा, मी पिंजरा रिकामा करते. हात लावू का? तुमची परवानगी आहे?"

त्यांनी टोपलीची कड धरली.

"लाव," ते म्हणाले.

मी हात खाली घातला आणि मूठभर पाणी वर काढलं. बोय आहे, म्हटलं आणि टोपलीत टाकलं. आणखी एक बोय, चांगली मोठी. ही माकुल. हा खेकडा, सांभाळा, चावेल. प्रत्येक नावाबरोबर खारं पाणी तोंडात जात होतं. ते एकेक मूठ निरखून बघत होते.

"ते पिल्लू आहे. सोड."

मी मूठ पाण्याखाली नेऊन उघडली. होडीत खमैसने तोंड फिरवलं होतं.

"तळाचं बघ. तळाशी दडतात."

मी नाक धरून खाली गेले. डोळे उघडले तर हिरवा उजेड होता, काळे खुंट होते आणि माझ्या बापाचे दोन पांढरे पाय. वर आले तेव्हा श्वास पुरत नव्हता.

"काही नाही. रिकामा झाला."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

तेव्हा कुठे त्यांचं अंग सैल पडलं. रिधाने त्यांना उचलून होडीत घेतलं, मग मला.

किनाऱ्यावर सगळे गोळा झाले होते. बेया होती, जाळं सांधणारा म्हातारा होता, सलाम करणाऱ्या त्या दोघी होत्या. कुणी पंचे आणले, कुणी गरम चहा. बाबा वाळूत बसून कुडकुडत होते. थोडी ऊब आल्यावर त्यांनी टोपली पुढ्यात ओढली आणि आत बघितलं. मग उलटी केली. थोडं पाणी वाळूत पडलं.

त्यांनी मान वर केली. खमैस होडी बांधत होता.

"खमैस," बाबांनी खणखणीत आवाजात विचारलं, "माझी मासळी तू घेतलीस?"

 मासळी नव्हतीच म्हणून मी सांगितलं असतं तर पुन्हा उठून पाण्यात गेले असते. खमैसने दोर हातातून सोडला. त्याने जमलेल्या माणसांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याच्या घरात लग्नाच्या दोन पोरी आहेत. तो आला आणि बाबांसमोर वाळूत गुडघ्यांवर बसला.

"हो, काका," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी घेतली."

जाळं सांधणाऱ्या म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली. बाबांनी खमैसच्या डोक्यावर हात ठेवला.

"मागायचीस ना रे," ते म्हणाले. "दिली असती की."

आणि टोपली त्याच्या पुढ्यात सरकवली.