दोघांकडून

लझहरने बायकोला, हबीबाला, केसांना धरून फरफटत अंगणात आणलं आणि तिचं डोकं विहिरीच्या कठड्यावर आपटलं.

"भाजलंस ना पोराला? खरं बोल!"

"नाही रे, अल्लाची शपथ! अंगावरचं दूध तोडलं तेव्हापासून आपोआपच..."

पुढची लाथ बरगडीत बसली. लझहरची आई मोंजिया आठ महिन्यांच्या नातवाला कडेवर घेऊन दारात उभी होती. पोराच्या तोंडाभोवती, बोटांवर, मांड्यांत कातडी सोलवटली होती. कढत पाणी ओतावं तशी. हबीबा मोंजियाच्या सख्ख्या भावाची मुलगी, तरी मोंजिया दारातून हलली नाही. मोंजियाचा नवरा तिजानी खाटेवरून म्हणाला, "सोडू नकोस. बोलेल आता."

हबीबाच्या कानातून रक्त आलं, तेव्हा कुठे मोंजिया मध्ये पडली. हबीबाला आणि पोराला तिने कैरवान शहरातल्या दवाखान्यात नेलं. लझहर मागोमाग आला.

डॉक्टरीणबाईंनी हबीबाच्या डोक्याला सहा टाके घातले, पोराचं रक्त तपासायला घेतलं आणि औषध सुरू केलं. आठव्या दिवशी जखमा सुकल्या. पोर पहिल्यांदा हसलं.

"हे भाजलेलं नाही," बाई म्हणाल्या. "खाण्यातलं जस्त आतड्याच्या पेशींत ओढून घेणारं एक जनुक असतं, ते याचं बिघडलंय. आईच्या दुधातलं जस्त तेवढं अंगी लागत होतं. औषध जन्मभर द्यायचं, मग काही होत नाही."

"हिच्याकडून आलं?" लझहरने विचारलं.

"दोघांकडून. एकाकडूनच आलं असतं तर हा आजारी पडलाच नसता. घरात असं आधी कोणी गेलंय?"

"नाही."

"गेलंय," मोंजिया म्हणाली. "लझहरच्या आधीचा माझा मुलगा. यांनी मलाही असंच विचारलं, भाजलंस का म्हणून. तीन दिवस. मग मार थांबावा म्हणून मी हो म्हणाले." तिने पदराच्या टोकाने ओठ पुसले. "पुढे पुढे मलाही ते खरंच वाटायला लागलं."



"आणि तरी तू दारात उभी राहिलीस, आत्या," हबीबा म्हणाली.

मोंजियाने पोराला उचललं. बाहेर रस्त्यावर तिने भावाच्या गावची गाडी थांबवली, हबीबाला मागे बसवलं, पोराला तिच्या मांडीवर दिलं, औषधाची पिशवी पायाशी ठेवली. लझहर पुढे सरकला, तशी ती गाडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"तू नाही येत?" हबीबाने आतून विचारलं.

"मला घरी जायचंय. यांच्याशी बोलायचं राहिलंय."